६० मिलिग्रॅमच्या रात्री, ५ मिलिग्रॅमचे दिवस

स्टेरॉइडची गोळी सुरू झाली की झोप उडते, एवढं बऱ्याच जणांच्या कानावर असतं. गोळी कमी होत आली की नेमकं उलटं होतं, बसल्या जागी डोळे मिटायला लागतात, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. मी दोन्हीतून गेलो. भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. मायक्रोमीटर, बोअर गेज, गो–नोगो गेज अशी मोजमापाची साधनं हातात घेऊन मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब करायचा, तोही तीन पाळ्यांत. त्यामुळे झोप येते की नाही यापेक्षा डोकं ताळ्यावर आहे की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी जास्त मोलाचा होता. हे दोन प्रश्न एकच नाहीत, हे या आजारपणात कळलं आणि त्यासाठीच हे लिहितोय.

आजाराचं थोडक्यात सांगतो. सकाळी उठलं की पापण्या सुजलेल्या. संध्याकाळी सेफ्टी शूज काढले की मोज्याच्या इलॅस्टिकची खोल खाच पायावर तशीच राहायची. लघवीला असा फेस, की पाणी टाकलं तरी जायचा नाही. फॅमिली डॉक्टरांनी लघवी तपासायला लावली, तर अल्ब्युमिन, म्हणजे रक्तात राहायला हवं ते प्रथिन, चार प्लस. रक्तातलं अल्ब्युमिन १.९ वर उतरलेलं, कोलेस्टेरॉल भरमसाट. मग किडनीचे डॉक्टर, मग बायोप्सी. निदान झालं मिनिमल चेंज डिसीज. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली किडनी जवळपास निरोगी दिसते; बदल दिसतो तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, गाळणीच्या पेशींची टोकं सपाट झालेली. लघवीतून प्रथिन जाऊन अंग सुजतं त्याला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात; लहान मुलांमध्ये त्याचं हे सर्वांत मोठं कारण. तो सिंड्रोम झालेल्या मोठ्या माणसांत मात्र शंभरातल्या दहा-पंधरा जणांतच हे निघतं. औषध तेच, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, किलोमागे रोज १ मिलिग्रॅम. माझं सूज यायच्या आधीचं वजन साठच्या घरात, म्हणून ६० मिलिग्रॅम. २० च्या तीन गोळ्या. जिभेवर क्षणभर जरी राहिल्या तरी तोंड कडूजहर.

सुरुवातीला दवाखान्यात असताना हा डोस सकाळ-संध्याकाळ असा विभागून मिळत होता. त्या रात्री मी विसरणार नाही. साडेबारा-एकला डोळा लागायचा आणि दोन-अडीचला टक्क उघडायचा. जाग आली की थकवा नाही, जांभई नाही, अंग जड नाही. उलट विचार इतक्या वेगात, की एक संपायच्या आत दुसरा सुरू. मुलीची फी, कारखान्यातलं ऑडिट, गावाकडच्या विहिरीची मोटर, सगळं एकदम. आणि भूक. रात्री अडीचला पोळी-भाजी खावीशी वाटावी इतकी भूक. घरी आल्यावर मी एका रात्री माळ्यावरची सगळी भांडी काढून पुसली. बायको उठून आली आणि म्हणाली, "अहो, हे काय चाललंय? उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करू." केलाच तिने.

डॉक्टरांनी पूर्ण डोस सकाळी आठच्या आत, नाश्ता झाल्यावर, एकदमच घ्यायला सांगितला. कारणही समजावलं, आणि ते समजल्यावर मला खरंच बरं वाटलं, कारण तोवर मला वाटत होतं की माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय. आपल्या मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, ॲड्रिनल. त्या कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवतात. मध्यरात्रीच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल सर्वांत कमी असतं, पहाटे ते चढायला लागतं आणि जाग येण्याच्या वेळेला शिगेला पोहोचतं. शरीराला दिवस सुरू झाल्याचा हा निरोप असतो. प्रेडनिसोलोन कॉर्टिसॉलचंच काम करतं, पण जोर जास्त: ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे साधारण २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (औषध म्हणून दिलेलं कॉर्टिसॉल), आणि निरोगी शरीर दिवसभरात जेवढं बनवतं ते जवळपास तेवढ्यातच भागतं. मी घेत होतो त्याच्या बारापट. त्यातला अर्धा भाग संध्याकाळी पोटात गेला, तर शरीराला रात्री आठला सकाळ झाल्याचा निरोप जाणार, दुसरं काय होणार?

वेळ बदलल्यावर फरक पडला, पण झोप पूर्ण परत आली नाही. दीड-दोन तासांची चार-साडेचार तास झाली. गोळी रक्तातून काही तासांत कमी होत असली तरी तिचा परिणाम १२ ते ३६ तास रेंगाळतो. डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा तर त्याहून लांब. २०२० च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आल्यावर कोविडच्या ऑक्सिजनवरच्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देणं जगभर सुरू झालं. ते ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं. माझे मेव्हणे तेव्हा वॉर्डात रात्र-रात्र जागे असायचे आणि आम्ही सगळे ती भीती समजत होतो. भीती होतीच, पण औषधही होतं.

झोपमोडीचं आणखी एक कारण होतं आणि ते फार सोपं निघालं. सूज उतरायला लघवी वाढवणारी गोळी चालू होती, ती मी दुपारी चारला घेत होतो. ती सकाळी घ्यायला लागल्यावर रात्रीच्या बाथरूमच्या फेऱ्या कमी झाल्या. ज्यांना दोन्ही औषधं चालू आहेत त्यांनी हे आधी विचारून घ्यावं. झोपेची गोळीही मी मागितली होती. डॉक्टरांनी सौम्य गोळी दिली, ती थोड्याच दिवसांसाठी, आणि दुपारनंतरचा चहा बंद करायला लावला. चहा सोडणं मला गोळीपेक्षा जड गेलं.

आता कामाचं. थोड्या रजेनंतर मी हजर झालो तेव्हा मला वाटत होतं, मी एकदम फिट आहे. पायऱ्या भराभर चढत होतो, बोलण्याचा वेग वाढला होता, कंटाळा म्हणून नव्हता. जे खरं होतं ते मायक्रोमीटरने दाखवलं. २५ मिलिमीटरचा शाफ्ट दोन जबड्यांत धरून रॅचेट कट-कट वाजेपर्यंत फिरवायचा आणि थिंबलवरची, म्हणजे फिरणाऱ्या नळीवरची, रेघ वाचायची, हे मी डोळे मिटूनही करेन अशी माझी समजूत. पण बोटांना बारीक थरथर होती, रॅचेट वाजेपर्यंत शाफ्ट जबड्यात किंचित तिरका व्हायचा. त्याहून वाईट म्हणजे २४.९८ वाचलं आणि रिपोर्टच्या रकान्यात लिहायला मान वळवली, की आकडा गेलेला. पुन्हा मोजायचं. झोप येत नव्हती, डोळे उघडे होते, उत्साह भरून वाहत होता, आणि दोन सेकंदांपूर्वीचा आकडा डोक्यात टिकत नव्हता. मोठ्या डोसमध्ये नुकतंच ऐकलेलं-वाचलेलं लक्षात ठेवायला जड जाऊ शकतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्यात झोप अर्धीच.

माझ्या शेजारच्या टेबलावरचे काका तीस वर्षं याच कामात आहेत. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "तू वाच, मी लिहितो. नंतर मी वाचतो, तू लिही." आम्ही तसंच केलं. साहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं की ब्रेकच्या पार्टांची अंतिम तपासणी सध्या माझ्या एकट्याच्या सहीवर नको. त्यांनी मान्य केलं. डॉक्टरांकडून पत्र आणून जनरल शिफ्टही मागून घेतली. रात्रपाळीत काम करून सकाळी झोपायचं आणि त्याच वेळी जागं करणारी गोळी घ्यायची, हे शरीराला दोन्हीकडून ओढणं आहे. पाळीत काम करणाऱ्या माणसाला स्टेरॉइड लिहिताना त्याच्या पाळ्या विचारल्या गेल्या पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे ओपीडीत तेवढा वेळ नसतो, म्हणून आपणच सांगायचं. मोटरसायकलही मी तेव्हा बंद केली आणि दिघीहून पीएमपीने, म्हणजे शहर बसने, जायला लागलो.

घरात चिडचिड वाढली होती, टीव्हीवरची साधी जाहिरात बघून डोळ्यांत पाणी यायचं. डोस आणि मन यांचा संबंध जुनाच नोंदलेला आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या औषध-निरीक्षण प्रकल्पाने दवाखान्यात दाखल रुग्णांची पाहणी केली होती: दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (प्रेडनिसोलोनचंच भावंड) घेणाऱ्यांत मानसिक तक्रारी १.३ टक्के, ४१ ते ८० च्या दरम्यान ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. या गंभीर तक्रारी. नुसती झोप उडणं त्याहून कितीतरी जास्त जणांत दिसतं. मुलीला आम्ही बसवून सांगितलं, की बाबांचा आवाज चढला तर तो गोळीमुळे आहे, तुझ्यामुळे नाही. तिने ते मोठ्या माणसासारखं घेतलं.

दुपारची एक गोष्ट मात्र बुचकळ्यात टाकत होती. सकाळभर तरतरी, आणि जेवणानंतर तीन-चारच्या सुमारास अचानक ग्लानी, घशाला कोरड. बायकोने शेजारून ग्लुकोमीटर आणला. सकाळी उपाशीपोटी ९४, दुपारी जेवणानंतर दोन तासांनी २४८. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन साखर वाढवतं ते दुपारनंतर. रात्री ती उतरते आणि उपाशीपोटीची तपासणी चक्क नॉर्मल येते. नुसती उपाशीपोटीची साखर बघून निर्धास्त राहिलेली माणसं मला नंतर भेटली, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. डबा बदलला: भात कमी, ज्वारीची भाकरी, उसळ, काकडी. थोडे दिवस साखरेची गोळीही होती. दुपारची ग्लानी बरीचशी गेली.

चेहरा तोवर गोल झाला होता, मान भरली होती आणि मी घोरायला लागलो होतो. बायकोने रात्री फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवलं, कारण मध्येच श्वास थांबल्यासारखा तिला वाटायचा. स्टेरॉइडने वजन आणि मानेभोवतीची चरबी वाढली तर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास सुरू होऊ शकतो. छातीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. नुसतं घोरणं निघालं. पण त्यांनी आधी एक कागद भरायला दिला होता, एपवर्थ स्लीपीनेस स्केल. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये मरे जॉन्स या डॉक्टरांनी १९९१ मध्ये तो मांडला. आठ प्रसंग: बसून वाचताना, टीव्ही बघताना, तासभर गाडीत मागे बसून जाताना, दुपारी आडवं झाल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर वगैरे. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, शून्य ते तीन. एकूण २४. दहाच्या वर गेलं तर लक्ष द्यायचं.

माझे झाले ३. रात्री चार तास झोपणाऱ्या माणसाचे ३! मी खूश होऊन कागद पुढे केला. डॉक्टर म्हणाले, "हा कागद डुलकी लागते का एवढंच विचारतो. तुम्हाला औषध डुलकी लागू देत नाहीये. लक्ष किती लागतं, चुका किती होतात, हे यात येत नाही." मला मायक्रोमीटरमधला गेलेला आकडा आठवला. त्या दिवसापासून कुणी "झोप येत नाही ना, मग गाडी चालवायला काय हरकत आहे" म्हणालं की मी थांबवून सांगतो.

पुढे औषध लागू पडलं. रोज सकाळी प्रथिन तपासायची पट्टी लघवीत बुडवायची. आधी गडद हिरवी व्हायची, मग पोपटी, आणि एका सकाळी पिवळी ती पिवळीच राहिली, म्हणजे प्रथिन जाणं थांबलं. बायको पट्टी उजेडात धरून डबीवरच्या रंगांशी पुन्हा पुन्हा ताडून बघत होती. तिने एक वही ठेवली होती: तारीख, डोस, पट्टीचा रंग, साखर, मी किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो. त्या वहीइतका उपयोग डॉक्टरांना माझ्या बोलण्याचा झाला नाही.

डोस उतरवायला सुरुवात झाली. ४० च्या खाली झोप सुधारली. २० वर तर मी पहिल्यासारखा झालो, रात्री दहाला आडवा, सहाला उठायचा. वाटलं, सुटलो. १० च्या खाली आल्यावर चाक उलटं फिरायला लागलं. साडेसात मिलिग्रॅमवर आलो तेव्हा सकाळी उठवेना. ५ वर आलो तेव्हा नऊ तास झोपूनही अंग ठणकायचं, सांधे दुखायचे, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, जेवणाची वासना नाही. पीएमपीत खिडकीला डोकं टेकलं की झोप. कंडक्टर ओळखीचा झाला होता, तो भोसरी आल्यावर हाक मारायचा. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या बाकावर बसल्या-बसल्या मान खाली. घरात आईला वाटलं, आजारपणाने सवय लागली, आळस चढलाय. मलाही तेच ऐकवलं जात होतं आणि ते ऐकून वाईट वाटायचं, कारण मी आळशी नव्हतो. एपवर्थचा कागद पुन्हा भरून पाहिला: १६.

शेजारच्यांनी सांगितलं, "ही इंग्रजी औषधं बंद करून टाक एकदाची, काढा घे." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच होती. पण स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर कारखान्याने स्वतःची लाइन बंद ठेवावी तसं ॲड्रिनल ग्रंथींचं होतं. गोळी महिनोन्‌महिने येत राहिली की मेंदूकडून त्यांना ऑर्डर येणंच थांबतं. गोळी तोडली म्हणजे लाइन लगेच सुरू होत नाही. कधी काही महिने लागतात, कधी वर्षही. तोवर शरीराकडे ना बाहेरचं कॉर्टिसॉल, ना घरचं. सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या काही बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. अशी पुडी घेणाऱ्या माणसाला आपण स्टेरॉइड घेतोय हेच माहीत नसतं, आणि पुडी संपली की असाच थकवा, अशीच झोप, उलट्या, बीपी खाली. त्याच्याकडे दाखवायला वहीसुद्धा नसते.

डॉक्टरांनी सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासायला सांगितलं. आदल्या दिवशीची गोळी सकाळी घेऊन झालेली, आणि तपासणीच्या दिवशीची रक्त दिल्यानंतरच घ्यायची, कारण प्रेडनिसोलोन रक्तात असेल तर यंत्र त्यालाही कॉर्टिसॉल समजू शकतं. लॅबमधल्या मुलीला हे मी दारातच सांगितलं. आकडा आला ३.४ मायक्रोग्रॅम. दहाच्या वर असता तर ग्रंथी जाग्या झाल्या असं धरून गोळी थांबवता आली असती. पाचच्या खाली म्हणजे अजून गाढ झोपेत. तो कागद मी आईला दाखवला. तिला आकडे कळले नाहीत, पण डॉक्टरांचं म्हणणं कळलं. संध्याकाळी तिने माझ्यासाठी मुगाची खिचडी केली आणि त्यानंतर घरात आळसाचं नाव निघालं नाही.

५ मिलिग्रॅमवरच थांबायचं ठरलं. पुढचं उतरवणं एकेक मिलिग्रॅमने, प्रत्येक पायरीवर बरेच दिवस मुक्काम करून. ताप आला तर डोस दुप्पट करायचा. गोळी पोटात टिकत नसेल, उलट्या होत असतील तर घरी वाट न बघता दवाखाना गाठायचा आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घ्यायचं. पाकिटात एक चिठ्ठी असते: हा रुग्ण दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहे, गोळी तोडू नये. दात काढायला गेलो तेव्हा ती आधी दाखवली. या काळात दिवसा येणाऱ्या झोपेशी भांडायचं मी सोडलं. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं फर्स्ट एडच्या खोलीत पडायची परवानगी साहेबांनी दिली. मोटरसायकल तेव्हाही बंदच होती.

ज्या औषधाने मला बरं केलं त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेदुखीने जखडलेल्या एका स्त्रीला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं आणि थोड्याच दिवसांत ती चालायला लागली. १९५० चं नोबेल हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन या तिघांना मिळालं. हे सगळं मी त्याच अडीच-तीनच्या जाग्या रात्री वाचलं. माझी किडनी या लोकांच्या कामामुळे शाबूत आहे. माझं म्हणणं एवढंच, की गोळीच्या चिठ्ठीवर डोस लिहिताना शेजारी दोन ओळी झोपेबद्दलही लिहिल्या जाव्यात, चढतानाची एक आणि उतरतानाची एक.

मागच्या तपासणीत सकाळचं कॉर्टिसॉल ८.१ आलं. सध्या २ मिलिग्रॅम चालू आहे, एपवर्थ ७ वर आलंय, आणि शाफ्टचा आकडा मान वळवेपर्यंत डोक्यात राहतो. हा आजार मोठ्या माणसांत अर्ध्याहून जास्त वेळा उलटतो, म्हणून पट्टीची डबी बाथरूमच्या फळीवरच आहे आणि वही चालू आहे. रात्रपाळीबद्दल डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, पुढचं कॉर्टिसॉल दहाच्या वर येऊ दे, मग बघू. साहेबांना तसं कळवलंय.